सासऱ्यांची क्रूझर आणि चाळीस अंशांचा कोन

"बाइक म्हणजे शेवटी काय? दोन वर्तुळं आणि मधे एक त्रिकोण!" भूमितीच्या सरांनी स्टाफरूमच्या टेबलावर खडू आपटून जाहीर केलं. "आणि वर्तुळ-त्रिकोण या शाळेत माझ्यापेक्षा जास्त कोणाला कळत असतील, तर त्याने आत्ताच्या आत्ता हात वर करावा!"

कोणीही हात वर केला नाही. चित्रकलेच्या बाई डुलकी काढत होत्या, इतिहासाचे सर डब्यात गुंतले होते आणि उरलेल्यांना प्रश्नच कळला नव्हता. सरांनी ती एकमताने मिळालेली मंजुरी समजली आणि त्याच संध्याकाळी ते सासऱ्यांच्या बाइकचं नाक कापायला निघाले.

सासऱ्यांची म्हणजे तशी आता सरांचीच. सासरे ट्रॅफिक पोलिसातून निवृत्त झालेले. अख्खी नोकरी चौकात उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्या पुढे सोडण्यात गेली, म्हणून निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी स्वतःसाठी एक क्रूझर घेतली. ऐसपैस सीट, टपोरी टाकी, आणि आवाज असा की गल्लीतली कुत्रीसुद्धा अदबीने बाजूला व्हायची! पुढे गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा त्यांनी किल्ली जावयाच्या हातात ठेवली आणि एकच शब्द उच्चारला, "जपा."

मुलगी देताना एवढंही म्हणाले नव्हते!

सरांनी बाइक जपली. पुसून पुसून टाकीत तोंड दिसेल अशी चकाकवली. पण अडचण त्या तोंडाचीच होती. सासरे त्या बाइकवर बसायचे तेव्हा सेनापती वाटायचे. सर बसले की दुधाची पिशवी आणायला निघाल्यासारखे दिसायचे. एकदा तर सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्या बाईंनी आपुलकीने विचारलं, "दादा, कोणाची पोचवायला निघालात?"

झालं! त्या दिवसापासून सर मोबाइलवर जगभरच्या बाइकचे फोटो बघत बसू लागले. पुढचं चाक आळस दिल्यासारखं लांब पसरलेलं, मागचं चाक रोडरोलरसारखं रुंद, आणि मधे एक दाढीवाला धिप्पाड माणूस. दाढी सरांना शोभत नव्हती, धिप्पाड होणं या वयात शक्य नव्हतं. उरल्या पहिल्या दोन गोष्टी.

त्यासाठी त्यांनी गाठलं 'कलाकारा'ला. हा खरं तर वेल्डर. गेट, खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी जिने बनवायचा. 'कलाकार' हे नाव त्याला त्यानेच दिलं होतं.

"जमेल का रे?" सरांनी विचारलं.

"सर, लोखंडाला मी म्हणेन तसं वाकावंच लागतं! गेल्याच महिन्यात एक गोल जिना केला."

"छान झाला?"

"झकास! वर चढणारा माणूस फिरून फिरून खालीच येतो, ते सोडा. पण दिसतो असा की नुसतं बघत राहावं!"

इथे शहाणा माणूस परत फिरला असता. सरांनी खिशातून खडू काढला आणि दुकानाच्या फरशीवर आकृती काढायला सुरुवात केली.

"हे बघ. हा पुढचा फोर्क. चाकाला धरून ठेवणारे दोन दांडे. आत्ता कसे, हवालदारासारखे उभे आहेत. आपल्याला ते आरामात टेकलेले हवेत. तेव्हा हँडलखालची नळी कापायची, तिरकी करून परत जोडायची आणि दांडे लांब करायचे. चाक आपोआप पुढे जाईल. कोन चाळीस अंश. नीट ऐक, चाळीस!"

"चाळीस म्हणजे चाळीस! एकोणचाळीस झाले तर नाव बदला माझं."

"आणि मागे रुंद टायर. रुंद रिम. बसेल तेवढा रुंद."

"न बसणारासुद्धा बसवतो, सर!"

घरी सरांनी "सर्व्हिसिंगला दिलीय" एवढंच सांगितलं. बायको ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. दिवसभर लोकांच्या चुका बघून घरी आल्यावर आणखी एक चूक बघायची तिची ताकद नसायची. तिने फार खोदून विचारलं नाही.

बाइक तयार झाल्याचा फोन आला तेव्हा सर शाळेतून अक्षरशः धावत गेले. बाइक दुकानाच्या आत होती. पुढचं चाक दुकानाच्या बाहेर होतं!

मागे असा टायर की त्यावर आडवं पडून एखाद्याला वर्तमानपत्र वाचता आलं असतं. स्टँड लावायची गरजच नाही. बाइक आपली आपण उभी, भिंतीला न टेकलेल्या कपाटासारखी. आणि तो फोर्क! हँडलखालून जो निघाला होता तो थेट रस्ता ओलांडायच्या बेतात होता.

"अरे... हे चाळीस आहेत?"

"मोजून घ्या की!" कलाकाराने सरांच्याच शाळेतला असावा असा मोठा लाकडी कोनमापक जमिनीवर टेकवला. जमिनीपासून फोर्कपर्यंत बरोबर चाळीस अंश. ना एक कमी, ना एक जास्त.

"उभ्या रेषेपासून चाळीस म्हणालो होतो मी!"

"उभी रेष?" कलाकार इकडेतिकडे बघायला लागला. "कुठाय? मला तर जमीनच दिसली."

कोन कोणत्या रेषेपासून मोजला हे न लिहिणाऱ्या मुलांचे सर दरवर्षी अर्धे गुण कापायचे आणि वर लाल शाईने 'डोकं वापरा' असंही लिहायचे. आता स्वतःच्या तोंडाने ते कलाकाराला काय सांगणार? जमिनीपासून चाळीस म्हणजे उभ्यापासून पन्नास. बाइक दहा अंशांनी हातातून निसटली होती.

"पण दिसतेय कशी ते सांगा ना!" कलाकार म्हणाला.

आणि खोटं कशाला बोला, दिसत होती! सर वर बसले. हात लांब, पाय त्याहून लांब. आरामखुर्चीत बसून कोणी पोहायला निघावं तसे! पण टाकीत तोंड पाहिलं आणि सरांना पहिल्यांदाच त्यात दुधाची पिशवी दिसली नाही.

सरळ रस्त्यावर बाइक राजासारखी चालली. लोक वळून बघत होते. एक माणूस तर चालता चालता खांबाला धडकला. सर खूश! मग वळण आलं.

सरांनी सवयीप्रमाणे वेग कमी केला आणि हँडल हलकेच फिरवलं. हँडल हलकेच फिरलं नाही. ते धाडकन कोसळलं! एवढा तिरका फोर्क, त्याला एवढं जड चाक. एकदा एका बाजूला कललं की जीव सोडल्यासारखं तिकडेच लोळण घ्यायचं. सर बाइकसकट एका कुंपणात गेले. दुसऱ्या वळणाला त्यांनी वेग तसाच ठेवून पाहिला. तर तो मागचा रुंद टायर कलायलाच तयार नाही! सपाट बसला तो बसला. बाइक सरळ गेली आणि दुसऱ्या कुंपणात थांबली.

थोडक्यात, हळू गेलं तर पडायची आणि जोरात गेलं तर वळायची नाही. शेवटी सर, कलाकार आणि त्या दुसऱ्या कुंपणाचा मालक अशा तिघांनी तिला उचलून फिरवून परत आणली. शाळेला सुट्टी लागली की फोर्क पुन्हा होता तसा करून घ्यायचा, तोवर कोणालाही कळू द्यायचं नाही, असं सरांनी ठरवलं. ठरवून झालं आणि सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, रविवारी आमच्या जुन्या ट्रॅफिकवाल्यांचा मेळावा आहे. मी येतोय तुमच्याकडे. मित्रांना सांगून ठेवलंय, मी माझ्या क्रूझरवरून येणार! तुम्ही चालवायची, मी मागे बसायचं."

"बाबा, त्यापेक्षा आपण टॅक्सी..."

"टॅक्सीतून उतरणाऱ्याला कोण सलाम ठोकतं हो?" सासरे म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी सासरे पांढराशुभ्र शर्ट, जुन्या गणवेशाची टोपी आणि गळ्यात शिट्टी अशा थाटात बाहेर आले. बायको एका शिकाऊ बाईंना घेऊन आधीच ड्रायव्हिंगच्या तासाला गेली होती, हीच काय ती देवाची कृपा! सरांनी बाइकवरची चादर काढली.

सासरे मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत चालत गेले. तिथे पोचायला त्यांना थोडा वेळ लागला.

"जावईबापू."

"बाबा?"

"माझ्याकडे होती तेव्हा हिची दोन्ही चाकं एकाच गावात होती."

"ते... सर्व्हिसिंगला दिली होती ना. तेव्हा जरा सैल झालीय."

"सैल?"

"आवळली की येईल जागेवर!"

सासऱ्यांनी सरांकडे पाहिलं. 'साहेब, सिग्नल दिसलाच नाही' म्हणणाऱ्यांकडे ते आयुष्यभर याच नजरेने बघत आले होते. पण म्हणाले एवढंच, "चला." आणि मागे बसले.

मेळाव्याचा हॉल तसा जवळच. सरळ जायचं, चौकात उजवीकडे वळायचं, आलाच. चौक दिसू लागला तसा सासऱ्यांनी मागून आपला उजवा हात बाहेर काढला. कडक, सरळ, बोटं जुळवलेली. नोकरीतला हात! मागच्या गाड्या हळू झाल्या. समोरून येणारी बस थांबली. चौकाने त्या हाताचा मान राखला.

आणि बाइक सरळ निघून गेली.

"जावईबापू! वळण गेलं!"

"म्हटलं, जरा मोकळ्या रस्त्याने जाऊ. तुम्हाला वाऱ्यावर बरं वाटेल!"

"मला काही झालेलं नाही. पुढच्या चौकात वळा." पुन्हा हात बाहेर! पुन्हा रहदारी थांबली! आणि पुन्हा बाइक नाकासमोर गेली.

"अहो, मी हात दाखवलाय!" सासरे कडाडले. "अख्ख्या नोकरीत मी रहदारीशी एकदाही खोटं बोललो नाही! आज तुम्ही दोन चौकांत बोलायला लावलंत!"

"बाबा, इथून रस्ता खराब आहे!"

"कालच डांबर टाकलंय! वास येतोय अजून!"

सरांना घाम फुटला. थांबावं तर पाय ठेवायच्या जागा कलाकाराने इतक्या पुढे नेलेल्या की मागचा ब्रेक दाबायला सीटवरून घसरत जावं लागायचं, आणि घसरलं की टाकीपलीकडचं काही दिसायचं नाही. पुढचा ब्रेक दाबला की फोर्क असा थरथरायचा की दात वाजायचे. आणि थांबलंच, हँडल कोसळलंच, सासरे पडलेच, तर? 'जपा' म्हणून दिलेली बाइक तर गेलीच होती. आता देणाराही जायचा!

एवढ्यात समोर एक ओळखीची गाडी दिसली. डोक्यावर 'शिकाऊ' अशी पाटी. सायकलवाले तिला मागे टाकत होते. आत शेजारच्या सीटवर सरांची बायको, आणि स्टिअरिंगवर तिची विद्यार्थिनी, ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई. त्यांच्या हाताखाली गाडीलाही गुंगी आल्यासारखं व्हायचं.

बाइक शेजारून गेली. आधी पुढचं चाक गेलं. मग बराच वेळ नुसते दांडे गेले. मग नवरा गेला. मग वडील गेले, हात बाहेर काढून.

"ती... आमची बाइक आहे?" बायको किंचाळली. हे सारं सरांना नंतर कळलं. "डॉक्टर, त्यांच्या मागे घ्या!"

"पण तुम्ही मला तिसरा गिअर कुठे शिकवलाय?"

"आत्ता शिकवते!"

सरांच्या डोक्यात मात्र एव्हाना एक कल्पना चमकली होती. रिंग रोड! हा रस्ता पुढे अलगद त्यालाच मिळतो, आणि तो रिंग रोड शहराभोवती असा लांबरुंद, सावकाश वळत जातो की त्याला वळण म्हणणंही जिवावर यावं. आणि शेवटी तो उतरतो ते थेट हॉलसमोरच्या मोठ्या सर्कलला. म्हणजे न वळता पोचता येईल! शेवटी भूमितीच कामाला आली! सर स्वतःवरच खूश झाले.

रिंग रोडवर सासरेही जरा निवळले. त्यांनी टोपी एका हाताने धरली आणि मागे बसल्या बसल्या कुठलं तरी जुनं गाणं गुणगुणायला लागले. सरांना वाटलं, सुटलो.

मग सर्कल आलं. भलंमोठं. मधे कारंजं, कारंज्याभोवती हिरवळ, आणि पलीकडे हॉलच्या पायऱ्यांवर जुने ट्रॅफिकवाले रांगेत उभे. पांढरे शर्ट, टोप्या, शिट्ट्या. बाइक सर्कलमध्ये शिरली आणि हँडल हळूच एका बाजूला कललं. पण पडलं नाही! सर्कलचा गोल आणि बाइकचा गोल बरोबर जुळला. या नव्या जन्मात पहिल्यांदा बाइक वळत होती! लोण्यासारखी!

"आले! आले!" पायऱ्यांवर एकच गलका झाला. रांगेने कडक सलाम ठोकला. सासऱ्यांनी सलाम स्वीकारला. सरांनी हँडल सरळ करायला जोर लावला.

हँडल म्हणालं, आता कुठे जमलंय!

बाइक हॉलसमोरून पुढे गेली. कारंज्याला वळसा घालून पुन्हा हॉलसमोर आली. रांगेने पुन्हा सलाम ठोकला, जरा कमी कडक. बाइक पुन्हा पुढे गेली. तिसऱ्या वेळी निम्मे हात कपाळापर्यंत पोचलेच नाहीत.

"अरे, हा उतरत का नाही?"

"मिरवतोय!"

"पहिल्यापासूनच भाव खायची सवय याला!"

सासरे मागून ओरडले, "जावईबापू! लोक काय म्हणतील?"

"बाबा, ते... एक फेरी अजून मारू! त्यांना नीट बघू दे!"

तोवर सर्कलमध्ये शिरू पाहणाऱ्या गाड्यांची चारी बाजूंनी कोंडी झाली. हॉर्न वाजायला लागले. आणि हॉर्न ऐकल्यावर पायऱ्यांवरच्या त्या म्हाताऱ्यांच्या अंगात जे काय संचारलं! एकाने शिट्टी फुंकली. दुसरा काठी टाकून रस्त्यावर धावला. बघता बघता चारही तोंडं अडवली गेली. हात वर, हात आडवे, शिट्ट्यांवर शिट्ट्या! गुडघे, पाठी, रक्तदाब, सगळं विसरून त्यांनी अख्खा चौक ताब्यात घेतला. मधे सर एकटे गोल गोल फिरत होते, जत्रेतल्या लाकडी घोड्यासारखे. आणि बाहेर अडकलेल्या गाड्यांत सर्वांत पुढे होती ती 'शिकाऊ' पाटीची गाडी. तिच्या खिडकीतून बायको अर्धी बाहेर आली होती.

"अहो! थांबा!"

"थांबत नाही!" सर पुढे जाता जाता ओरडले.

"मग बाहेर या!" पुढच्या फेरीला ती म्हणाली.

"येत नाही!"

"का?"

याचं उत्तर द्यायला सरांना आणखी एक फेरी मारावी लागली. आणि त्या फेरीत, कारंज्याच्या पाठीमागे, जिथे कोणी बघत नव्हतं, त्यांचा धीर सुटला.

"बाबा," ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "ही वळत नाही हो. आता वळतेय तर सरळ होत नाही. सैलबिल काही नाही. मी मुद्दाम कापून घेतली. मला तुमच्यासारखं दिसायचं होतं."

किल्ली फिरवायला सरांना हँडल सोडावं लागलं असतं, सासऱ्यांना नाही. त्यांचा हात सरांच्या मांडीशेजारून खाली गेला, सीटखालच्या किल्लीपाशी पोचला आणि खट्!

इंजिन बंद झालं. बाइक हळू होत हॉलसमोर आली, हँडल कोसळायला निघालं, पण तोवर पाच-सहा म्हाताऱ्यांनी पळणारं वासरू धरावं तशी तिला चारी अंगांनी धरली होती.

"बाबा, तुम्हाला किल्लीची जागा माहीत होती?"

"माझीच बाइक आहे. किल्ली कुठे असते ते मला माहीत नसणार?"

"मग आधीच का नाही..."

"पहिला चौक हुकला तेव्हाच सगळं कळलं होतं. म्हटलं, बघू या, जावई खोटं कुठवर रेटतात." सासरे खाली उतरले, टोपी नीट केली. "रिंग रोडला लागलात तेव्हा कौतुक वाटलं हो मला!"

मग मित्रमंडळींनी बाइकला गराडा घातला. कोणी टायरवर हात फिरवतोय, कोणी फोर्कशेजारी आडवा होऊन फोटो काढतोय! "काय बाइक केलीस रे!" "बादशहाची आहे ही!" सासऱ्यांची छाती फुगत गेली. सर खुलासा करायला पुढे सरसावले, तेवढ्यात सासरे गंभीरपणे म्हणाले, "हो. मीच करून घेतली. बरेच दिवस मनात होतं."

सर मागे सरकले. त्यांना भरून आलं. एव्हाना बायकोही तिथे येऊन पोचली होती.

इतक्यात गर्दीतून वाट काढत एक तरुण ट्रॅफिक पोलीस आला. हा निवृत्त नव्हता, ड्युटीवर होता.

"ही बाइक कोणाची?"

सर खाली मान घालून म्हणाले, "माझी."

पोलिसाने मोबाइलवर नंबर टाकून पाहिला. "नाही. तुमच्या नावावर नाही."

नावावर करायचं सरांच्याकडून राहूनच गेलं होतं! पोलिसाने सासऱ्यांचं नाव मोठ्याने वाचलं. जन्मभर ज्यांनी पावत्या फाडल्या, त्यांच्या नावाची पहिली पावती फाटायची वेळ आली होती, आणि तीही सगळ्या खात्यासमोर! शिवाय 'मीच करून घेतली' हे साऱ्यांनी आत्ताच ऐकलेलं.

"साहेब, जाऊ द्या ना," मित्रांतला एक कुजबुजला. "आपलाच माणूस आहे."

"जाऊ द्या?" सासरे त्याच्यावर डाफरले. ते पोलिसापुढे ताठ उभे राहिले. "फाडा पावती!"

पोलिसाने बिचकत लिहून पावती पुढे केली. सासऱ्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि परत दिली.

"कलम चुकलंय. हे हेल्मेटचं आहे. बाइकच्या ढाच्यात फेरफार केल्याचं वेगळं आहे, त्यात दंड जास्त लागतो. आणि हेल्मेटही नव्हतंच माझ्या डोक्यावर, टोपी होती. दोन्ही लावा!"

पायऱ्यांवरून टाळ्या पडल्या. अशा की कारंज्यावरची कबुतरं उडाली!

बाइक उचलून न्यायला ट्रक आला. तिला आत ठेवून फळी लावली तर पुढचं चाक बाहेरच. शेवटी त्याला लाल फडकं बांधलं.

संध्याकाळी सगळे बायकोच्या गाडीतून घरी निघाले. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई चालवत होत्या, आता तिसऱ्या गिअरमध्ये. शेजारी बायको. मागच्या सीटवर सासरे आणि सर.

"बाबा," बायकोने मागे वळून विचारलं, "फार रागावलात?"

"रागावलो?" सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले. "अख्खी नोकरी केली त्या लोकांबरोबर. एकाने कधी टाळी वाजवली नव्हती माझ्यासाठी." मग ते सरांकडे वळले. आवाज खाली आणून म्हणाले, "जावईबापू, पुढच्या वर्षीही मेळावा आहे. काय विचार आहे?"

सरांचे डोळे लकाकले. ते सरसावून बसले, खिशातला खडू चाचपला आणि म्हणाले, "बाबा, मी काय म्हणतो, आता दोन चाकांऐवजी तीन..."

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बायकोने तो दाबला.